दोघी वहिनी

सोमवार, १२ जानेवारी २०२६

शनिवारच्या नोंदीत मी लिहिलं आहे की आत्याने मला सौमित्रशी लग्न करशील का असं विचारलं. ते चूक आहे. दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून आज दुरुस्त करते. आत्याने विचारलं नाही. ती म्हणाली, "पाडव्याला सुपारी फोडू. तुझ्या बाबांचं कंत्राट जूनअखेर संपतंय, इथे राहायचा पासही संपेल. तुलाही जूनमध्येच एकवीस पूर्ण होतात, मग त्यांच्या पासवर तुला राहता येणार नाही. त्याच्या आत उरकलेलं बरं." मग माझ्या ताटात गुळाची पोळी वाढली आणि विचारलं, "तूप घेशील?" प्रश्न तेवढाच होता. मी "थोडंसं" म्हणाले. मला वाटतं, माझं तेच उत्तर दोन्ही गोष्टींना लागू धरलं गेलं.

दुसरी दुरुस्ती. सौमित्र माझा आतेभाऊ असं लिहिलं, ते अर्धं आहे. तो माझा मामेभाऊही आहे. आमच्याकडे साटंलोटं झालेलं आहे. बाबांची बहीण नीलिमा ही आईच्या भावाला, प्रबोधमामाला दिली, आणि त्याच मांडवात मामाची बहीण मीनल, म्हणजे माझी आई, बाबांना दिली. त्यामुळे माझी आत्या हीच माझी मामी. आई आणि आत्या एकमेकींना वहिनी म्हणतात आणि दोघींचंही बरोबर असतं. लहानपणी मला वाटायचं, दोघींचं नावच वहिनी आहे.

आम्ही सिंगापुरात बुकित पंजांगला राहतो, मामाकडचे सेरंगूनला. बाबा मरीन इंजिनियर, इथल्याच एका कंपनीत. मामा आयटीत मॅनेजर, आमच्या आधी आला आणि इथलाच झाला. सौमित्र सत्तावीस वर्षांचा, इथला नागरिक. त्याच्याशी लग्न झालं की माझ्या पासचा प्रश्न मिटतो, हे सगळ्यांनी इतक्या वेळा म्हणून झालं आहे की लग्न हा पासचाच एक प्रकार वाटायला लागला आहे.

मला आत्याला नाही म्हणता येत नाही, हे लिहून ठेवते. नऊ वर्षांची होईपर्यंत मला इथल्या शाळेत जागा मिळाली नाही. त्या वर्षांत आत्या सेरंगूनहून बॅग घेऊन यायची, आठ-आठ दिवस राहायची आणि जेवणाच्या टेबलावर मला शिकवायची. आई तेवढे दिवस मामाकडे जायची, तिकडचं घर बघायला. माझं अक्षर, पाढे, रोज लिहायची सवय, चूक पुसून न टाकता तिच्यावर एक रेघ मारून पुढे बरोबर लिहिणं, सगळं आत्याचं. मला शिकवायला इतकं कोण येईल?

शनिवार, १७ जानेवारी

आत्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. मी तिळगूळ वाटत होते. आत्या प्रत्येकीला म्हणाली, "ही आता आमच्याच घरची." एक बाई म्हणाल्या, "अय्या, मामाची मुलगी! जुनं वळण राखलंत हो." दुसऱ्या म्हणाल्या, "बरंय बाई, सासूला नव्याने काही सांगायला नको, पोरीला भाजीत मीठ किती ते आधीच ठाऊक." सगळ्या हसल्या. मीही हसले. आई स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. विसळायला फार भांडी नव्हती.

मामा आज किती बोलला! त्याच्या ऑफिसातल्या चिनी साहेबाची नक्कल केली, मला पोट धरून हसायला लावलं. मी सौमित्रला म्हटलं, "तुमच्या घरी मजा आहे, मामा किती बोलका आहे." तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला, "ओन्ली व्हेन यू कम, लाह." मला बरं वाटलं. मामाचा माझ्यावर पहिल्यापासून जीव आहे.

घरी येताना एक जुनी गोष्ट आठवली. मला सख्खा भाऊ नाही. आठ वर्षांची असताना मी सौमित्रला लिफ्टपाशी गाठून राखी बांधली होती, लाल, मधे चंदेरी टिकली. आत्याने पाहिली. गाठ सुटेना म्हणून कात्रीने कापली. "याला नाही बांधायची," एवढंच म्हणाली. मी रडले ते राखी फुकट गेली म्हणून. आज पहिल्यांदा कळलं की त्या वेळी मी आठ वर्षांची होते आणि त्यांचं ठरलेलं होतं.

रविवार, १ फेब्रुवारी

आठ मार्चला इथल्या मराठी बायकांचा महिला दिनाचा कार्यक्रम आहे. आत्या बोलणार आहे. विषय तिनेच घेतला, 'एकोणिसाव्या शतकातला बालविवाह.' भाषण मी लिहून द्यायचं. "तुझं मराठी माझ्या हाताखालचं आहे," ती म्हणाली. खरंच आहे.

आठवडाभर ऑफिस सुटल्यावर पाया लेबारच्या लायब्ररीसारख्या शांत कोपऱ्यात बसून (कॉफी शॉप होतं, लायब्ररी नव्हे) लिहिलं. आठ-नऊ वर्षांच्या मुली. बाहुली घेऊन बोहल्यावर उभ्या. मुलगी मोठी होण्याच्या आत दिली नाही तर बापाला पाप, म्हणून सगळी धावपळ. मग लिहिलं की पुष्कळ घरांत स्थळ शोधायचाही प्रश्न नसे. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. मुलगी पाळण्यात असतानाच नणंद भावजयीला सांगून ठेवी, ही माझी. घरचं घरात राहतं, मुलीला परकं वाटत नाही, सासू आपलीच असते, हेच तेव्हाही म्हणत.

आत्याने पेन्सिल घेऊन वाचलं. बाहुलीच्या ठिकाणी डोळे पुसले. मग मामा-भाच्याच्या परिच्छेदावर एक रेघ मारली.

"हे काढ."

"का गं? चुकलंय का?"

"चुकलं नाही. पण लोकांना उगीच भलतंच वाटायचं. बालविवाह ठेव. बालविवाह आता कोण करतंय?"

मी काढलं. तिने रेघ मारली ती चुकीवर मारतात तशीच होती. बरोबर गोष्टीवर तशी रेघ मारलेली मी प्रथमच पाहिली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सापडलं! भाषणासाठी वाचतानाच सापडलं. त्याच जुन्या रिवाजात एक मनाई आहे. भाच्याने मामाची मुलगी करावी, पण मुलगी मामाच्या मुलाला द्यायची नाही. आई ज्या घरातून आली त्या घरात तिची मुलगी परत जात नाही. वेल पुढे जावा, मागे फिरू नये. त्याला परतवेल म्हणतात आणि तो अशुभ धरतात.

आता बाबांकडून मोजलं तर सौमित्र माझा आतेभाऊ, चालतो. पण आईकडून मोजलं तर तो माझा मामेभाऊ, आणि सेरंगूनचं घर हे आईचं माहेर. मी तिथे सून म्हणून गेले तर तो उघड परतवेल! मी दोन्ही बाजूंनी तीनदा आकृती काढून पाहिली. चूक नाही.

हे मी कुणाच्या विरुद्ध म्हणत नाही, त्यांच्याच नियमाने म्हणते. आत्याला दुखवावं लागणार नाही. मला काही वाटतं की नाही हा प्रश्नच येणार नाही. आज पहिल्यांदा नीट जेवले.

रविवार, ८ फेब्रुवारी

सगळे आमच्याकडे जेवायला होते. आमटी वाढून झाली तेव्हा मी सांगितलं. क्रमाने सांगितलं, आधी बाबांकडून, मग आईकडून.

मामा हसत म्हणाला, "मैत्रेयी, वेल! अगं, सिंगापुरात वेल असतो तो कुंडीत. खिडकीतून बाहेर गेला तर टाउन कौन्सिलची नोटीस येते."

आत्या म्हणाली, "मुलगी बापाच्या कुळाची. बापाकडून मोजायचं, झालं."

"पण मग आईचं..."

"तुला कुणी सांगितलं हे?" मामाने विचारलं. अजून हसतच होता. माझ्याकडे नाही, आत्याकडे बघत होता. "चांगलं शिकवलंय हो कुणीतरी."

बाबा म्हणाले, "तिला शंका आहे तर विचारून टाकू." बाबांना वाद आवडत नाही. त्यांनी लगेच पुण्याच्या गुरुजींना फोन लावला, स्पीकरवर. गुरुजी प्रवासात असावेत, मागे हॉर्न वाजत होते. त्यांना हा प्रश्न नवा नव्हता. म्हणाले, "आहे की उपाय. कन्यादान आईबापांनी करायचं नाही. परगोत्रातलं एखादं जोडपं बसवा. मुलगी त्यांची झाली. वेल मोडला. आणखी काही?"

आणखी काही नव्हतं. आमटी अजून गरम होती. मग कोणतं जोडपं बसवायचं याची चर्चा झाली. आमच्या खालच्या मजल्यावरच्या अनघाताई आणि त्यांचे यजमान ठरले. त्यांना मुलगी नाही, त्यांनाही पुण्य मिळेल, असं आत्या म्हणाली.

आई उठून आत गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी होती. मी म्हटलं, "आई, कन्यादान तुला करता येणार नाही म्हणून वाईट वाटतंय का?" तिने माझ्याकडे फार वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हो. तेच म्हण."

नियम माझ्या बाजूचा होता. म्हणून तो मोडायला सोपा होता की काय, असं मनात आलं. हे वाक्य नीट जमलेलं नाही, पण राहू दे.

बुधवार, १८ फेब्रुवारी

चिनी नववर्षाची सुट्टी. आत्याने मला आणि सौमित्रला सेरंगूनच्या मॉलमध्ये 'बोलून घ्यायला' पाठवलं. अर्धी दुकानं बंद होती. आम्ही उसाचा रस घेऊन बसलो.

मी विचारलं, "तुला खरंच करायचंय का हे?"

"आय डोन्ट माइंड."

"सौमित्र, माइंड नाही आणि हवंय यात फरक असतो."

"यू ऑलवेज लाइक दिस. एव्हरीथिंग मस्ट बी एक्झॅक्ट." मग मराठीत बोलायला लागला. त्याचं मराठी अडखळतं, पण खोटं वाटत नाही. "तू आलीस तर चांगलं होईल. डॅड तुझ्यासमोर नॉर्मल बोलतो. आता त्या दिवसापासून घरात कोणी बोलत नाही. मम्मी विचारते चहा, तो टीव्ही बघतो. मी मध्ये उभा राहतो, टेल युवर मदर, टेल युवर फादर. आय ऑल्सो टायर्ड. तू घरात असलीस की ते सगळं थांबेल."

"म्हणजे मी तुला आवडते म्हणून नव्हे."

"आवडतेस ना. एव्हरीबडी लाइक्स यू."

हे ऐकून मला काय वाटायला हवं होतं ते कळलं नाही. त्याने मला हवीशी म्हटलं, आणि त्याच्या घरात माझी गरज आहे, हे खरं आहे. गरज असणं वाईट नाही. आत्यालाही माझी गरज आहे. मी फार वेळ स्वतःचाच विचार करते, हा माझा दोष आहे.

परत निघताना त्याने माझा रिकामा ग्लास आपल्या ग्लासात घातला आणि ट्रे नेऊन ठेवला. तो वाईट मुलगा नाही. लिहिताना लक्षात आलं की तो सत्तावीस वर्षांचा आहे आणि मी मुलगा असं लिहिलं.

रविवार, १ मार्च

आत्या सकाळीच आमच्याकडे आली, बॅग घेऊन. इतक्या वर्षांनी राहायला आली! म्हणाली, भाषणाची तयारी करायची, पाडव्याची खरेदीही इकडून होईल. मी तिला माझी खोली दिली. बाबांनी बॅग आत नेली.

सोमवार, २ मार्च

आई आज मामाकडे गेली. तिकडे डबा कोण करणार? मी ऑफिसला निघाले तेव्हा बाबा तिची बॅग घेऊन लिफ्टपाशी उभे होते. आईने नेहमीचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि माझ्या कपाळावर हात फिरवला, ताप आहे का बघतात तसा. मी म्हटलं, "आई, आठ दिवसच ना?" बाबांनी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं. ते आधीच पेटलेलं होतं.

रविवार, ८ मार्च

भाषण फार चांगलं झालं. आत्या नऊवारी नेसली होती. बाहुलीच्या ठिकाणी तिचा आवाज दाटला, आणि हा भाग मी लिहिलेला नव्हता, ती म्हणाली, "त्या मुलींना कुणी एक शब्द विचारला असता, तर त्या काय म्हणाल्या असत्या? आपण त्यांच्या वतीने आज विचारू या." सभागृह उठून उभं राहिलं. मीही राहिले. टाळ्या वाजवताना मी तिच्याकडे बघत होते, ती माझ्याकडे बघत नव्हती.

घरी येताना एमआरटीत मी म्हटलं, "आत्या, तुला कुणी विचारलं होतं का?"

"विचारायला मी काय तुझ्यासारखी सिंगापूरची होते?" ती हसून म्हणाली. मग म्हणाली, "मी एकोणीसची. बी.एड. करायचं म्हणत होते. आई म्हणाली, तुझ्या भावाला, रवीला, मुलगी सांगून आलीय, चांगली आहे, पण त्यांना बदल्यात आपली मुलगी हवी, त्यांच्या मुलाला कुणी देत नाही. तू नाही म्हणालीस तर भावाचं मोडेल. संपलं."

"मामाला कुणी का देत नव्हतं?"

"तुझं स्टेशन आलं बघ," ती म्हणाली. आमचं दोघींचं एकच स्टेशन होतं आणि ते यायला अवकाश होता.

मंगळवार, १० मार्च

आईला भेटले. ऑफिस सुटल्यावर सेरंगूनच्या मॉलमध्ये, फूड कोर्टात. तिने काही घेतलं नव्हतं. दर थोड्या वेळाने फोनवर वेळ बघत होती, मामा सातला घरी येतो म्हणून. जे बोलणं झालं ते आठवेल तसं लिहिते.

मी म्हटलं, "घरी कधी येतेस?"

"वहिनी परत आल्या की."

"तिची खरेदी झाली की येईल. माझ्यासाठीच आलीय ना ती."

आई हसली. असं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. "तुझ्यासाठी? बाई गं. त्या आल्या नाहीत, तुझ्या मामाने त्यांना धाडलंय. तू त्या दिवशी वेलाचं काढलंस ना. त्याला वाटलं, वहिनींनीच पढवलं. शिकवणी त्यांची ना तुझी. तीन आठवडे बोलला नाही बायकोशी, मग म्हणाला, जा भावाकडे, त्याच्या मुलीचा होकार घेऊन ये."

"मग तू का आलीस इकडे?"

"त्या तिकडे आल्या की मी इकडे यायचं असतं."

"असतं म्हणजे? कुणी ठरवलं?"

"लग्नातच ठरलं. तुझे दोन्हीकडचे आजोबा बसले आणि ठरलं. तुम्ही आमची मुलगी माहेरी धाडलीत तर आम्ही तुमची धाडू. म्हणजे दोन्ही घरं धाकात राहतील आणि दोघी मुली सुखात. फार हुशारी वाटली सगळ्यांना."

"पण बाबा तर तुला कधी काही बोलत नाहीत."

"नाहीच बोलत. भला माणूस आहे. बॅग स्वतः उचलतात लिफ्टपर्यंत."

मग जे विचारलं ते आता मला फार स्वार्थी वाटतं, पण तेच आधी तोंडात आलं. "मग माझी शाळा?"

"वहिनींनी परक्या घरात आठ दिवस करायचं काय? तू होतीस. पाटी होती." आईने माझा हात धरला. "तेवढं तरी चांगलं झालं त्यातून. खरंच चांगलं झालं."

मी म्हटलं, "मी हो म्हणाले तर तू घरी येशील?"

"त्याच दिवशी. वहिनी इकडे, मी तिकडे."

"आणि मी?"

"तू पाडव्यानंतर इथेच की." तिने पुन्हा वेळ पाहिली. "प्रबोध तुझ्याशी चांगला बोलतो. भाची आहेस. सुनेशी कसा बोलेल ते मला माहीत नाही. मी त्याची बहीण, माझ्याशी आठ दिवसांत दोन वाक्यं झालीत. मी तुला काही सांगणार नाही, मैत्रू. मी सांगितलं तर म्हणतील, मीनलने मोडलं. तुझ्या बाबांनाही मग काहीतरी करावं लागेल."

साडेसहाला ती गेली. जाताना एक पाव विकत घेतला, बाहेर पडायचं कारण म्हणून.

दुरुस्ती. १२ जानेवारीला मी लिहिलं, आत्या मला शिकवायला यायची. त्यावर रेघ मारली. नऊ वर्षांची असताना मला तीसपर्यंत पाढे येत होते, अपूर्णांक येत होते, दीर्घ भागाकार येत होता, कविता येत होत्या. सगळे कौतुक करत, इतकं कधी शिकलीस? इतकं शिकण्याइतके दिवस आत्या आमच्याकडे होती. आणि तितकेच दिवस आई तिकडे.

बुधवार, ११ मार्च

बाबांशी बोलायचा प्रयत्न केला. ते पेपर वाचत होते. मी म्हटलं, "बाबा, आईला आणायला जाऊ या का?"

"येईल गं."

"तुम्ही जा म्हणालात म्हणून गेली ना ती?"

"मी जा म्हणालो नाही." हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की मला क्षणभर खरं वाटलं. "ती पद्धत आहे. मी नाही पाळली तर प्रबोध म्हणेल, याला बहिणीची किंमत नाही. मग नीलिमाला आणखी त्रास. मी नीलिमासाठीच करतो ते."

"आणि आईसाठी?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "तू एकदा हो म्हण, बाळा. सगळं सुरळीत होईल. पासही होईल."

मी भाषणात लिहिलं होतं की त्या काळातले बाप दुष्ट नव्हते. आत्याने ते वाक्य ठेवलं होतं. मला ते तेव्हा उदार वाटलं होतं.

मी नाही म्हणाले तर काय होईल, तेही लिहिते, टाळत नाही. मामा आत्याला परत घेणार नाही, निदान लवकर नाही. आई तिकडेच राहील, दोन वाक्यांत. जूनमध्ये माझा पास संपेल आणि मी पुण्याला जाईन, जिथे मी सुट्टीपलीकडे कधी राहिले नाही. आणि मी हो म्हणाले तर आई घरी येईल, आत्या घरी जाईल. पुढच्या खेपेला मामाला राग आला की धाडायला त्याच्याकडे एकीऐवजी दोघी असतील. आत्या एकटी येणार नाही, मीही बॅग घेऊन येईन, माझ्याच माहेरी. आणि आई लिफ्टपाशी.

हे मी आत्ता लिहिताना मला समजलं. काल आईला ते ठाऊक होतं.

गुरुवार, १२ मार्च

संध्याकाळी घरी आले तेव्हा आत्या हॉलमध्ये पाडव्याची पैठणी इस्त्री करत होती, वर सुती कापड घालून. माझ्यासाठी घेतलेली. मी बूट काढले, हात धुतले आणि तिच्यासमोर उभी राहिले. शाळेत कविता म्हणायला उभी राहायचे तशी. आमच्या शाळेत, त्या टेबलापाशी.

म्हटलं, "आत्या, मला सौमित्रशी लग्न करायचं नाही."

तिने इस्त्री उभी केली. "कारण?"

"नियम नाही काही. मला नको आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाली, "बरं. मी कळवते प्रबोधला."

"तू नको कळवूस. तुझ्यावर येईल."

"माझ्यावर यायचं ते येणारच आहे."

"मी स्वतः जाऊन सांगते. त्याच्या तोंडावर. आणि येताना आईला घेऊन येते."

तिला आधी नीट कळलंच नाही. "वहिनींना? म्हणजे मी तिकडे कधी जायचं?"

"तू नाही जायचं. तू इथेच."

"मी इथे असताना त्या इथे?" तिचा आवाज चढला. "अगं, असं कधी झालंय का? दोघी एका घरात? मग कोणाला कोणी धाडलं हेच कळायचं नाही. रवीला काय उत्तर देणारेस? खोल्या दोन आहेत!"

"मी हॉलमध्ये झोपेन."

"खोलीचं नाही बोलत मी!" ती खाली बसली. "तुला काय वाटतं, वहिनी येतील? भावासमोरून उठून, पोरगी बोलवतेय म्हणून? मी नसते आले. माझ्या पोराने बोलावलं असतं तरी नसते आले. आपण त्यांना काय तोंड दाखवायचं हा विचार आधी येतो." मग एकदम मऊ होऊन म्हणाली, "तो तुझ्याशी बोलायचा थांबेल, मैत्रू. तुला सवय नाही त्याची. तो समोर बसतो, जेवतो, आणि तू तिथे नसतेसच. दोन-तीन महिन्यांनी तुलाच वाटायला लागतं की आपण नाही आहोत."

मी आत्याला आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं की ती मला हे, आपण नसल्यासारखं राहणं, शिकवत असताना माझं लक्ष नव्हतं. रागाने नाही सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पैठणीवरचं सुती कापड उचलून पुन्हा नीट पसरलं. इस्त्री बंद होती, तरी हात फिरवत राहिली.

आई येईल याची मला खात्री नाही. उलट ती येणार नाही असंच जास्त वाटतं. दारात उभी राहून म्हणेल, तू जा, मी येते मागून, आणि येणार नाही. मामा एक शब्द बोलणार नाही आणि मला त्याचीच सर्वात जास्त भीती वाटते आहे. कदाचित मी रडेन आणि सगळं पाठ केलेलं विसरेन. कदाचित यामुळे दोघींचं अधिकच वाईट होईल आणि ते माझ्या नावावर राहील. पण नाही हा शब्द मी आतापर्यंत नियमाला बोलायला लावला, आता बाबांना किंवा आत्याला बोलायला लावणं बरोबर नाही.

उद्या मला ऑफिस आहे. शनिवारी मामा मित्रांबरोबर बाहेर असतो, आई एकटी असेल, आणि त्याच्या पाठीमागे तिला आणलं तर ते चोरल्यासारखं होईल. म्हणून जायचं ते तो घरात असताना, जेवणाच्या टेबलापाशी, तिघेही समोर असताना. रविवार, १५ मार्च.